आनंदमेळ्यात दिलेला मेंढा

एप्रिल लागला की सांगलीला वकीलकाकांच्या घरात दोन वास एकदम सुटायचे, उकडलेल्या कैऱ्यांचा आणि सायक्लोस्टाइलच्या शाईचा. कैऱ्या पन्ह्यासाठी आणि शाई क्लबच्या पत्रकांसाठी. ही गोष्ट घडली त्या वर्षी काका सेवा क्लबचे अध्यक्ष होते. मे महिन्यात क्लबचा आनंदमेळा भरायचा आणि त्याच्या पंधरा दिवस आधीपासून ते घर उलटंपालटं व्हायचं. जेवणाच्या टेबलावर हौजीची तिकिटं, पलंगाखाली फुग्यांची पुडकी, न्हाणीघरात रंगाचे डबे. काकू ओरडायच्या, "अहो, मला आंघोळीला तरी जागा ठेवा!" आणि काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "समाजकार्य आहे हे." मग काकू जे काही पुटपुटायच्या ते समाजकार्याच्या पत्रकात छापण्यासारखं नसे.

मी त्या घरात कॉलेजसाठी राहत होते. आमचं गाव आटपाडीच्या पलीकडे, माळावरचं. माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, वहिवाटीच्या जमिनीची एक केस काकांनी चालवून जिंकून दिली होती. निकालाच्या दिवशी आबांनी काकांपुढं हातमागाचं एक काळं घोंगडं ठेवलं आणि म्हणाले, "सायेब, पोरगी हुशार हाय. शेरात कुटं ठेवावी कळंना." काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी परस्पर होकार दिला. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे, जरी त्यांची आमटी मला पहिले सहा महिने पाणीच वाटत होती. गूळ घातलेली, पातळ, चिंचेची ती आमटी आणि मऊ भात जेवताना मला आमच्या चुलीवरचं हुलग्याचं माडगं आठवायचं, खरड्याचा ठसका आठवायचा. रात्री झोपताना तर फारच चुकल्यासारखं वाटे. गावाकडं मेंढरांच्या खोकण्या-शिंकण्यात झोप लागायची. इथं फक्त पंख्याची करकर.

पण मी सांगलीला लवकर रुळले, हे कबूल करते. आमच्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाई' मी पहिल्या सहामाहीतच गावाला ठेवून आले. कॉलेजात कुणी विचारलं तर "शेती आहे आमची" एवढं सांगायची. मेंढरांचं नाव काढत नसे. खोटं नव्हतं ते, शेती होतीच की चार एकर कुसळं उगवणारी. पण ज्यांच्यावर घर चालत होतं ती मेंढरं होती, आणि ज्याच्यामुळं मी कॉलेजात होते तो माझा थोरला भाऊ सोपान होता. दोघांना शिकवायची आबांची ऐपत नव्हती. नववीत सोपाननं स्वतःच दप्तर खुंटीला अडकवलं, म्हणाला, "शेवंताचं डोस्कं चालतंय, तिला जाऊ द्या. म्या मेंढरं बघतो." पुढं मी कॉलेजला निघाले तेव्हा त्याच्या बदल्यात आबांनी त्याला एक कोकरू दिलं. त्याची आई वितानाच मेली होती. सोपाननं त्या कोकराला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, थंडीत आपल्या घोंगड्यात घेतलं. नाक पोपटासारखं बाकदार, म्हणून त्याचं नाव राघू.

राघू तीन वर्षांत एवढा दांडगा झाला की येणारेजाणारे थांबून बघायचे. पांढराशुभ्र, मानेवर तांबूस डाग, कान गळ्यापर्यंत लोंबणारे. त्याला मक्याची भरड, शेंगदाण्याची पेंड आणि सकाळी तांब्याभर दूध असायचं. आमच्या चहात मात्र दूध नुसतं दाखवायला. आई कुरकुरायची, "जावयाचं लाड कमी पडत्याल एवढं ह्येचं चाललंय." पण सोपानचा हिशेब पक्का होता. मोठा कळप चुलत्यांबरोबर कृष्णाकाठाला चरायला गेलेला असायचा. मिरगाला तो माघारी आला की राघूला पहिल्यांदा मेंढ्यांत सोडायचा, आणि त्याची जी कोकरं होतील ती सोपानची. स्वतःचा कळप, त्याच वळणाचा. सोपानचं लग्न, त्याचा संसार, सगळं त्या कोकरांवर उभं राहायचं होतं. माझ्या पदवीएवढंच मोलाचं होतं ते. आता हे वाक्य लिहिताना मला सोपं जातंय. तेव्हा असं कुणी म्हटलं असतं तर मला हसू आलं असतं.

मेळ्यात मेंढा आणायची कल्पना काकूंची. सुट्टीत त्या एकदा आमच्याकडं आल्या होत्या, राघूला बघून खुळावल्या होत्या. "शहरातल्या मुलांनी असा मेंढा कधी बघितलाय? त्याच्याबरोबर फोटो काढू द्यायचे, तिकीट लावून," त्या म्हणाल्या. मी आबांना निरोप धाडला. आबा खूश झाले, सोपान त्याहून खूश. एक दिवस न्यायचा, दाखवायचा, परत आणायचा. त्यात जाण्यासारखं काही नव्हतं.

मेळ्याच्या आदल्या आठवड्यात काकांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. त्या वर्षीचा निधी दुष्काळी गावांत पाण्याच्या टाक्या बसवायला जायचा होता. कुठली गावं घ्यायची यावर चर्चा चालली होती आणि मी भडंगाच्या बश्या फिरवत होते. आमच्या गावाचं नाव मीच सुचवलं. आमच्या बायका दीड कोसावरून पाणी आणतात, हे मी उभी राहून सांगितलं. चांगलं बोलले असणार, कारण सगळे गप्प होऊन ऐकत होते. माझी आई त्या बायकांत होती हे मात्र मी सांगितलं नाही. मग एक सराफ होते, ते म्हणाले, "गाव घेऊ, पण गावानंही काही दिलं पाहिजे. नुसतं फुकट दिलं की किंमत राहत नाही." काकांचे डोळे एकदम चमकले. माझ्याकडं वळून म्हणाले, "शेवंता, तो मेंढा तुझे वडील टाकीसाठी देतील का? आपण स्टेजवर लिलाव करू. गरीब मेंढपाळानं आपला मेंढा दिला म्हटल्यावर सगळं शहर हात सैल सोडेल."

खोलीतले सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या हातात बशी होती. मी म्हणाले, "देतील की. का नाही देणार?"

टाळ्या वाजल्या. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या टाळ्या मला गोड लागल्या, हे मी लपवणार नाही. ज्या मेंढरांचं नाव मी तीन वर्षं काढलं नव्हतं, त्याच मेंढरांमुळं मी त्या खोलीत एकदम मोठी झाले होते. पुढचे चार दिवस मी रोज गावाला कार्ड लिहायला बसले आणि रोज फाडलं. आबांना वाचता येत नव्हतं, कार्ड सोपानच वाचणार होता. "तुझा राघू मी देऊन टाकला" हे सोपानच्याच तोंडून मोठ्यानं वाचून घ्यायचं, कसं लिहायचं? मग मी स्वतःची समजूत काढली. आबा आले की त्यांना समोरासमोर सांगू. आबा नाही म्हणाले तर काकांना सांगू. मेंढा काय, दुसरा होईल. असली समजूत काढायला मी फार हुशार होते, सोपान म्हणायचा तसं डोस्कं चालत होतंच.

मेळ्याच्या दिवशी दुपारी आबा डाळिंबाच्या टेम्पोतून आले. डोक्याला नवा तांबडा पटका, मे महिन्याच्या उकाड्यात खांद्यावर घोंगडं. राघूला सोपाननं पहाटे विहिरीवर धुतलं होतं, पाठीवर हळदीचे पंजे उठवले होते, गळ्यात घुंगरमाळ बांधली होती. सोपान स्वतः आला नव्हता. मागं राहिलेल्या मेंढरांपाशी कुणीतरी हवं होतं. आबांना मी मागच्या पडवीत पानावर बसवलं. काकूंची आमटी त्यांनी निमूटपणे भुरकली आणि हळूच म्हणाले, "मीठ तेवढं दे गं, आन जमलं तर मिरची." मी मिरची दिली. ते जेवत होते, राघू लिंबाखाली बसून रवंथ करत होता. सांगायची वेळ हीच होती.

"आबा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

त्यांनी वर बघितलं. भाताचं शीत मिशीला लागलेलं. पोरगी शहरात राहते, चार मोठी माणसं तिला नावानं ओळखतात, याचं कौतुक त्यांच्या तोंडावर नुसतं पसरलं होतं.

"काही नाही. पन्हं घ्या अजून थोडं."

"घिऊ की. लय ग्वाड हाय, पर थंडगार हाय," ते म्हणाले. "सांजला दिवं लागायच्या आत निघू बरं का. सोपानानं धा येळा सांगितलंय, राघूला इळभर उनात उभा करू नगा म्हनून."

मेळा शाळेच्या मैदानावर होता. भडंग, पन्हं, उसाचा रस, फुगे फोडायची बंदूक, संगीत खुर्ची, आणि या सगळ्यावर कर्ण्यातून येणारा हौजीचा आवाज. राघूपुढं तर रांगच लागली. पोरं त्याच्या पाठीवर हात ठेवायची, फ्रॉकातल्या मुली भिऊन आबांच्या धोतराला धरायच्या आणि आबा म्हणायचे, "भिऊ नगं बाय, गरीब हाय त्यो." मी हौजीच्या टेबलावर होते. तिथून ते दोघं मला सारखे दिसत होते. आबांना गाठून सांगून टाकावं असं सारखं वाटत होतं, पण मी उठून गेले नाही.

ऊन उतरल्यावर काकांनी आबांना राघूसकट स्टेजवर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला. आबांनी शाल घोंगड्यावरून घेतली आणि हात जोडले. मग काका माइकवर म्हणाले, "या मेंढपाळानं आपल्या पोटच्या पोरासारखा वाढवलेला मेंढा आपल्या गावच्या टाकीसाठी क्लबला दान दिला आहे. आता त्याचा लिलाव करू या."

आबांना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी हसऱ्या तोंडानं काकांकडं बघितलं, मग खालच्या गर्दीकडं, आणि बोली सुरू झाल्यावर हळूहळू माझ्याकडं. मी हौजीच्या टेबलामागं उभी होते. मी मान खाली घातली. तेवढ्यानं त्यांना सगळं कळलं. बोली पुरी झाली तेव्हा शेवटची हाक एसटी स्टँडजवळच्या एका खानावळवाल्याची होती. दिलदार माणूस, दर वर्षी क्लबला हातभार लावायचा. तो स्टेजवर चढला. आबांनी त्याला विचारलं, ते माइकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "काय करता म्हनायचं तुमी?"

"खानावळ हाय न्हवं आपली. मटणाची."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी तशीच धावत स्टेजच्या मागं गेले आणि काका खाली उतरताच त्यांचा हात धरला. रडत रडत सगळं सांगितलं. आबांना मी विचारलंच नव्हतं, मेंढा सोपानचा आहे, त्याच्या कळपासाठी ठेवलेला आहे. काकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ते मला रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, एका शब्दानं बोलायचं नाही का? थांब, मी आत्ता रद्द करतो. चूक झाली म्हणून माइकवर सांगतो." ते वळले तेव्हा आबा राघूला घेऊन तिथंच उभे होते.

"नगा सायेब," आबा म्हणाले.

"आबा, अहो तुमचा मेंढा आहे. तुम्हाला न विचारता..."

"इचारलं हुतं की. पोरीनं इचारलं हुतं," आबा म्हणाले. "एवढ्या मान्सांत तिनं सबूद दिला. आता मेंढा म्हागारी न्हेला तर ती हितं कुनाला त्वांड दावनार?"

 मी आबांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत, ते मालकानं घरी न्यायचं असतं. आबांनी राघूच्या गळ्यातलं दावं आणि घुंगरमाळ सोडून खांद्यावर टाकली. खानावळवाल्याच्या नोकरानं सुतळी बांधून ओढलं, तर राघू चार पाय रोवून उभा राहिला. दोघांनी ढकललं तरी हलेना. शेवटी आबा स्वतः पुढं झाले, "चल रं राजा" म्हणाले, आणि चालू लागले. राघू त्यांच्या मागोमाग आपल्या पायांनी खानावळवाल्याच्या टेम्पोत चढला. आबा खाली उतरताना खानावळवाल्याला म्हणाले, "कापायची लय घाई करू नगा. कुनाच्या मेंढरांत सोडता आला तर बगा." तो "बघू की" म्हणाला. राघूचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. स्टँडवर जायचा माझा रस्ता मात्र मी बदलला.

चार दिवसांनी मी गावाला गेले. वाटेत सारखी तयारी करत होते, सोपानपुढं कसं उभं राहायचं याची. पण घरी पोचले तर गोष्ट आधीच वेगळी होऊन बसली होती. आबांनी सांगून टाकलं होतं, "म्याच दिला. पानी येतंय गावाला, मला वाटलं, दिला." आई चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता त्यांचा उद्धार करत होती. सोपान उंबऱ्यात बसला होता, दावं मांडीवर घेऊन. एवढंच म्हणाला, "मला इचारायचं तरी, आबा." आबा विडी ओढत माळाकडं बघत राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी बघितलं नाही.

परत निघताना ते मला एसटीपर्यंत सोडायला आले. फाट्यावर बाभळीखाली उभे असताना म्हणाले, "सोपानाला काय सांगू नगंस."

"आबा, पण तो तुमच्यावर..."

"माज्यावर ऱ्हाऊ दे त्येचा राग. म्या त्येचा बा हाय, मला सोसतोय. तुमा भावाभनींचं बिनसलं तर आमच्या म्हागारी तुला म्हायेर ऱ्हानार न्हाई."

एसटी आली, मी चढले. मला फार मोकळं वाटलं, हे खरं सांगायला हवं. बापानं सांगितलं म्हणून गप्प राहिले असं म्हणायला मला आयतं कारण मिळालं. पावसाळ्यानंतर टाकी आली. क्लबच्या लोकांनी तिच्यावर निळ्या रंगात आबांचं नाव रंगवून घेतलं, मेंढा दान देणारे म्हणून. आई घागर भरताना शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, "भरा बायांनू, दानशूराची टाकी हाय." सोपान दिवाळीला एका पाव्हण्याबरोबर गलाईच्या कामाला, सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर, कोइमतूरला निघून गेला. आमच्या भागातली निम्मी पोरं तिकडंच असतात, पण तो गेला तो कळपाचं नाव टाकून गेला. वर्षातून एकदा यायचा, सगळ्यांना कपडे आणायचा, आबांशी कामापुरतं बोलायचा. आबा गेले तेव्हा त्याला पोचायला दोन दिवस लागले.

मी शिक्षिका झाले, सांगलीतच राहिले, क्लबची सभासद झाले. आता आनंदमेळ्याची तिकिटं मोबाइलवर येतात आणि टाकीच्या जागी गावात नळ आहेत. या मे महिन्यात क्लबनं जुन्या सभासदांचा सत्कार ठेवला. तरुण अध्यक्षीण बाईंनी स्टेजवर आबांच्या मेंढ्याची गोष्ट सांगितली, फार सुंदर सांगितली, लोकांचे डोळे भरून आले. मी खुर्चीवर शाल घेऊन बसले होते. तिथून उठून निघून जावं असं वाटलं, आणि पुन्हा एकदा गेले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गाडी करून गावाला गेले. सोपान आता गावातच असतो, कोइमतूरचं गलाईचं दुकान पोरं बघतात. दोन्ही गुडघे गेलेत त्याचे. ओट्यावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि बैठकीपासून बाभळीपर्यंत सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

तो बराच वेळ गुडघे चोळत राहिला. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आबा असताना सांगायचं हुतंस," तो म्हणाला. "येकदा तरी त्येच्या ताटाला ताट लावून जेवलो असतो."

मग त्यानं आत वहिनीला हाक मारली. "शेवंताला वाढ गं. लांबनं आलीया. मला आत्ता नगं."

मी आत गेले आणि एकटी जेवले.